छापखान्यातून चुंबकाकडे



दोन वर्षांपूर्वी माझी कंबर धरली. कवीच्या कंबरेला असं काय काम पडतं, असं घरचे म्हणाले. पण दुखणं काही हटेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, 'एकदा एमआरआय काढून घ्या.' जिल्ह्याच्या गावी गेलो. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, खिशातली चिल्लर, सगळं बाहेर काढून ठेवायला लावलं. एका अरुंद फळीवर झोपवलं, कानांत बोळे घातले. तिथली मुलगी म्हणाली, 'काका, वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही. आवाज होईल, घाबरू नका.' आणि फळी त्या पांढऱ्या बोगद्यात सरकली.

मग तो आवाज सुरू झाला. खट् खट् खट्, मधेच घर्रर्र, की पुन्हा ठोके. तुमच्यापैकी ज्यांनी तो ऐकला असेल, त्यांना धडकी भरली असेल. मला मात्र आमच्या अब्बांचा छापखाना आठवला. अब्बा तालुक्याच्या गावी एका छापखान्यात कंपोझिटर होते. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतपेढीचे अहवाल. अब्बा केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावायचे आणि पलीकडे ट्रेडल मशीन खटाक खटाक चालू असायचं. मराठी अक्षरं मी आधी उलटी वाचायला शिकलो, सुलटी नंतर.

कंबरेचं निदान झालं, मणक्यातली चकती जरा सरकली होती, व्यायामानं बरं वाटलं. तो विषय तिथंच संपायचा. पण आवाज काही डोक्यातून जाईना. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. तरी हे यंत्र कोणी शोधलं असेल, म्हणून वाचायला बसलो. एकट्या कोणी शोधलेलं नाही, हे लगेच कळलं. यात कितीतरी जणांचा हात आहे. पण त्यांतल्या एका माणसापाशी मी थबकलो. कारण पंधराव्या वर्षी तो छापखान्यात कामाला लागला होता.

त्याचं नाव पीटर मॅन्सफिल्ड. जन्म ९ ऑक्टोबर १९३३ चा, लंडनच्या लॅम्बेथ भागातला. वाढला कॅम्बरवेलला, कष्टकऱ्यांच्या वस्तीत. वडील घरोघरी गॅसच्या जोडण्या करणारे, आईनंही एका उपाहारगृहात वाढण्याचं काम केलेलं. तीन भावांतला हा धाकटा. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा सरकारनं शहरातली मुलं गावोगावी परक्या घरांत पाठवली. हाही डेव्हन परगण्यात एका कुटुंबाकडे राहून आला. अशा धावपळीत शाळा ती काय होणार?

लंडनला परतल्यावर या मुलाला एका परीक्षेला बसवलं गेलं. इंग्लंडमध्ये तेव्हा अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची विभागणी होत असे. वरचे गुण मिळाले तर ग्रामर स्कूल आणि तिथून पुढे कॉलेजची वाट. नाही मिळाले तर साधी शाळा आणि तिथून कामधंदा. अशी काही परीक्षा असते याचा पीटरला पत्ताच नव्हता. तयारी नाही, काही नाही. ग्रामर स्कूलला पुरतील एवढे गुण पडले नाहीत आणि त्याचा डबा वेगळ्या रुळावर लागला.

पंधराव्या वर्षी शाळा सोडताना मुलांना विचारत, पुढे काय करणार? हा म्हणाला, शास्त्रज्ञ व्हायचंय. मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी त्याला सांगितलं की त्यासाठी लागणारी पात्रता तुझ्याकडे नाही. दुसरी आवड कोणती, तर छपाई. मग छापखान्यात उमेदवारी मिळाली.

इथं मला माझ्या धाकट्या भावाबद्दल थोडं सांगायला हवं. तो दहावीला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या घरातला रेडिओ त्यानं तेवढ्या वयात दोनदा उघडला होता आणि दोन्ही वेळा नीट जोडून वाजता केला होता. दहावीला त्याला अठ्ठावन्न टक्के पडले. त्याला सायन्सला जायचं होतं. शाळेतले एक सर अब्बांना म्हणाले, 'याला सायन्स झेपणार नाही. एखादं हातकाम शिकवा.' अब्बा घरी आले आणि त्यांनी मला विचारलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, घरातला शिकलेला मीच. मी म्हणालो, 'सर म्हणतात ते बरोबरच असेल.' भाऊ दारात उभा होता. तो काही बोलला नाही. गुणपत्रिका पत्र्याच्या पेटीत गेली आणि तो महिनाभरात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्ही गेले, मोबाइल आले. तो सगळं शिकत गेला. दुकान चालतं, मुलं शिकली. तक्रार त्यानं कधी केली नाही. पण मॅन्सफिल्डचं बालपण वाचताना मला ते वाक्य आठवत राहिलं. सरांचं नव्हे, माझं.

आता लंडनच्या त्या पोराचं पुढे काय झालं ते बघू. अठराव्या वर्षी त्याला अग्निबाणांचं वेड लागलं. बकिंगहॅमशरमध्ये वेस्टकॉट इथं सरकारचं रॉकेट संशोधन केंद्र होतं, तिथं त्याला नोकरी मिळाली. पदवी नाही, मोठं शिक्षण नाही, तरी मिळाली. मधे १९५२ पासून दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा झाली. परत आला तो त्याच केंद्रात, आणि नोकरी करता करता त्यानं राहिलेल्या परीक्षांचा अभ्यास केला. लंडन विद्यापीठाच्या क्वीन मेरी कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होत आला होता. बरोबरीची ग्रामर स्कूलवाली मुलं तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेली.

अशा गोष्टी आपण ऐकतो तेव्हा 'जिद्द असली की सगळं होतं' असं म्हणून मोकळे होतो. जिद्द होतीच. पण जिद्दीला शिरायला कुठंतरी दार लागतं. एका सरकारी केंद्रानं विनापदवीच्या पोराला आत घेतलं आणि लष्करातून आल्यावर पुन्हा जागा दिली. एका कॉलेजनं वय बघितलं नाही. पहिलं दार बंद झालं, तरी त्या देशात आणखी एक दार किलकिलं होतं. त्यात पाय घालायची हिंमत मात्र त्याची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्राध्यापक जॅक पॉवल्स यांनी त्याला एक प्रकल्प दिला. ट्रान्झिस्टर वापरून, सहज हलवता येईल असं उपकरण बांधायचं आणि त्यानं पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं. ते काम पाहून पॉवल्सनी त्याला आपल्या संशोधनात घेतलं. १९५९ मध्ये तो बी.एस्सी. झाला, १९६२ मध्ये पीएच.डी. विषय होता चुंबकीय अनुनाद. शब्द जड आहे, पण तुम्ही रेडिओ ऐकणारी माणसं आहात, तुम्हाला तो चटकन समजेल.

आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. त्या अणूचा गाभा इवल्याशा चुंबकासारखा वागतो. माणसाला जबर चुंबकात ठेवलं की हे इवलेसे चुंबक एका ठरावीक गतीनं भोवऱ्यासारखे घुमतात. त्यांच्या गतीला जुळणारी रेडिओलहर सोडली की ते डचमळतात आणि लहर थांबल्यावर स्वतःच क्षीणसा रेडिओ संदेश परत पाठवतात. हाच अनुनाद. १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल या दोघांनी तो वेगवेगळा शोधला होता आणि १९५२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं होतं. आजच्या इस्पितळांतलं नेहमीचं यंत्र दीड टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यात शरीराचं उत्तर येतं ते चौसष्ट मेगाहर्ट्झच्या आसपास. आपलं एफएम अठ्ठ्याऐंशीला सुरू होतं. म्हणजे शेजारच्याच आळीत म्हणा ना!

पण नुसतं उत्तर येऊन चित्र होत नाही. सगळं शरीर एकाच स्टेशनवर बोललं तर काळीज कुठलं आणि मणका कुठला, कसं कळणार? युक्ती अशी की, चुंबकाचा जोर शरीराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडा थोडा वाढवत न्यायचा. जोर बदलला की घुमण्याची गती बदलते. मग शरीराची प्रत्येक पट्टी आपापल्या स्टेशनवर बोलू लागते. काटा फिरवला की कोण कुठून बोलतंय ते समजतं.

ही युक्ती दोन माणसांना वेगवेगळी सुचली. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांना १९७१ मध्ये एका हॅम्बर्गरच्या हॉटेलात बसले असताना ती सुचली. त्यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र मिळवलं. 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकानं त्यांचा लेख आधी परत पाठवला, मग मार्च १९७३ मध्ये छापला.

मॅन्सफिल्ड तोवर अमेरिकेत इलिनॉयला दोन वर्षं काम करून १९६४ पासून नॉटिंगहॅम विद्यापीठात शिकवत होते. त्यांच्या डोक्यात माणसाचं शरीर नव्हतंच. त्यांना घन पदार्थाच्या आतली अणूंची रचना बघायची होती. तेवढं बारीक दिसणं दूरच होतं, म्हणून त्यांनी आणि त्यांचे सहकारी ग्रॅनेल यांनी एक नमुना तयार केला. पातळ पातळ थर एकावर एक रचले आणि ते थर वेगवेगळे दिसतात का ते पाहिलं. थर कशाचे होते माहीत आहे? कापराचे. आपल्याकडे देवघरात जळणारा आणि आमच्याकडे शेवटच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या अंगाला लावतात तो कापूर. त्या कापराच्या चकत्यांमधलं अंतर कागदावर उमटलं. हा लेखही १९७३ चाच. त्याच वर्षी पोलंडमध्ये क्राकूवच्या परिषदेत मॅन्सफिल्ड यांनी हे काम मांडलं, तेव्हा त्यांना विचारलं गेलं, लॉटरबर यांचं काम तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांना ते ठाऊक नव्हतं.

तिथून त्यांचं लक्ष शरीराकडे वळलं. शरीराचा हवा तेवढाच एक पातळ काप निवडून त्याचंच उत्तर ऐकायची पद्धत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडली. १९७७ मध्ये जिवंत माणसाच्या बोटाचा आडवा छेद प्रसिद्ध झाला. बोट त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू मॉडस्ली याचं. हाड, मज्जा, स्नायू, सगळं दिसत होतं आणि बोटाला कुठं ओरखडा नाही, क्ष-किरणांचा स्पर्श नाही.

बोटानंतर अख्खं शरीर. न्यूयॉर्कमध्ये रेमंड दामाडियन हेही त्याच मागावर होते. गाठीच्या पेशी आणि निरोगी पेशी यांची उत्तरं वेगळी येतात, हे त्यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या बाबतीत दाखवलं होतं. जुलै १९७७ मध्ये त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याच्या छातीचं चित्र मिळवलं. त्याला पाच तासांच्या आसपास लागले. नॉटिंगहॅमचं मोठं चुंबक १९७८ मध्ये तयार झालं. पण त्याआधी अमेरिकेतून एक इशारा आला होता. यंत्रातलं चुंबकत्व भराभर बदलतं, त्यानं शरीरात वीज उपजेल आणि हृदयाचा ताल बिघडू शकेल, असा. मॅन्सफिल्ड यांनी गणित करून पाहिलं. आपल्या यंत्रात तेवढी वीज उपजणार नाही, असं त्यांचं उत्तर आलं. पण गणित कागदावरचं. खात्री करायला कुणालातरी आत जायला हवं होतं.

आत ते स्वतः गेले. चव्वेचाळीस-पंचेचाळिशीचा माणूस, घरी बायको आणि दोन मुली. विद्यार्थ्याला पुढे करता आलं असतं. केलं नाही. चित्र आलं ते त्यांच्या पोटाच्या छेदाचं. ते सुखरूप बाहेर आले. मी त्या बोगद्यात पडलो होतो तेव्हा 'घाबरू नका' एवढ्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून पडलो होतो. त्या दोन शब्दांची किंमत आधी कोणीतरी मोजली होती, हे मला नंतर कळलं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र वेगाचं. तोपर्यंत चित्र एकेक ओळ करून जमवावं लागे. एक धक्का, एक ओळ, मग थांबा, पुन्हा धक्का. रुग्ण श्वास घेतो, हृदय हलतं, चित्र फरकटतं. १९७७ मध्ये मॅन्सफिल्ड यांनी मांडलं की एकाच धक्क्यानंतर चुंबकाचा उतार भराभर इकडून तिकडे उलटापालटा केला, तर उत्तर विरून जायच्या आत सगळ्या ओळी टिपता येतील. अब्बांच्या भाषेत सांगायचं तर, एकेक खिळा लावत बसणं वेगळं आणि जुळलेलं पान एका दाबात छापून काढणं वेगळं. काही मिनिटांचं काम सेकंदाच्या वीस-तिसाव्या हिश्शावर आलं. या पद्धतीचं नाव एको-प्लॅनर इमेजिंग.

कल्पना सुचली तेव्हा एवढ्या वेगानं चालणारी यंत्रसामग्रीच जगात नव्हती. वर्षानुवर्षं ती नॉटिंगहॅमला हातानं जुळवावी लागली. १९८२ मध्ये सशाचं धडधडतं हृदय चलच्चित्रासारखं दिसलं, पाठोपाठ आजारी तान्ह्या मुलांची तपासणी झाली. इस्पितळांत ही पद्धत रुळायला १९९० चं दशक उजाडलं. आज एखाद्याला पक्षाघाताचा झटका येतो, तेव्हा मेंदूचा कुठला भाग रक्तावाचून तडफडतोय हे एमआरआयवर थोडक्या वेळात कळतं ते मुख्यतः याच पद्धतीमुळे. माणूस विचार करत असताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो, हे दाखवणारी तपासणीही तिच्याच आधारानं वाढली.

६ ऑक्टोबर २००३ रोजी वैद्यकशास्त्राचं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना जाहीर झालं. तीनच दिवसांनी मॅन्सफिल्ड सत्तर वर्षांचे झाले. दामाडियन यांचं नाव त्यात नव्हतं. त्यांनी अमेरिकेच्या मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन हा अन्याय असल्याचं सांगितलं. तो वाद आजही अभ्यासकांत चालतो. मी त्यात निवाडा देणारा कोण? एवढंच म्हणेन की, एवढ्या मोठ्या शोधाच्या दारावर मोजक्याच नावांची पाटी लागते आणि कोणीतरी बाहेर उभं राहतं.

मॅन्सफिल्ड यांना १९९३ मध्ये 'सर' किताब मिळाला, १९९४ मध्ये ते निवृत्त झाले. हेलिकॉप्टर चालवायलाही ते शिकले होते. अग्निबाणांचं लहानपणीचं वेड असं कुठं सुटतं? ८ फेब्रुवारी २०१७ रोजी ते गेले. आणि उतारवयात त्यांनी कुठल्या प्रश्नाला हात घातला होता ऐका. यंत्राच्या आवाजाला. चित्र वेगानं यावं म्हणून त्यांनीच चुंबकाची उलटापालट वाढवली होती आणि तिच्यामुळेच तो खटखटाट वाढला होता. आत पडलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो, म्हणून आवाज दाबणारी वेटोळी कशी बनवावीत यावर ते सहकाऱ्यांबरोबर लिहीत, प्रयोग करत राहिले. तो आवाज अजून पुरता गेलेला नाही. मी ऐकलाच ना.

हे भाषण लिहून झाल्यावर मी भावाच्या दुकानात गेलो. म्हटलं, जरा ऐक, विज्ञानाचं आहे, माझं चुकलं असेल तर सांग. तो एका मोबाइलची पाठ उघडून बसला होता. मान खाली घालूनच ऐकत होता. शरीर रेडिओसारखं उत्तर देतं, इथवर आलो तेव्हा त्याचा हात थांबला. मग मी आवाजाचं सांगायला लागलो. तारेच्या वेटोळ्यांतून प्रवाह सोडतात, ती वेटोळी जबर चुंबकात बसवलेली असतात, आणि...

'आणि ती थरथरणारच, भाईजान,' तो म्हणाला. 'चुंबकात कॉइल ठेवून प्रवाह उलटसुलट केला की ती हलते. स्पीकर तसाच तर वाजतो. ते मशीन म्हणजे एक भलामोठा स्पीकर झाला की!'

मला हे समजायला दोन आठवडे आणि तीन पुस्तकं लागली होती.

मी काहीतरी बोलणार होतो. तीस-पस्तीस वर्षं उशिरा का होईना, बोलायला हवं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. भावानं मोबाइल बंद करून त्याच्या हातात दिला, पैसे गल्ल्यात टाकले आणि मला म्हणाला, 'पुढचं वाच. त्या छापखान्यातल्या पोराला परत कॉलेजात कोणी घेतलं, ते पुन्हा एकदा वाच.'

मी वाचलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)